काचेवरची अंडी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

‘छंद’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा सांगणाऱ्याच्या मनात बहुधा वृत्तं आणि छंद असावेत. कविता लिहिणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची? पण आज मी बोलणार आहे छंदाच्या दुसऱ्या अर्थानं. गेली वीस-बावीस वर्षं मी घरी मासे पाळतो, आणि त्यातही मला वेड आहे ते त्यांच्या अंड्यांचं. अंडी राखायची, त्यातून निघालेली पिल्लं जगवायची. सांगायला एक ओळ पुरली; प्रत्यक्षात पहिलं काम जमायला मला दोन पावसाळे लागले आणि दुसरं अजूनही दर वेळी जमतंच असं नाही.

आमच्या डोंबिवलीच्या घरात तीन फुटी काचेची टाकी आहे. तिच्या तळाशी सहा मिशीवाले मासे राहतात. नाव कोरिडोरास. कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात त्यांना नुसतं ‘कोरी’ किंवा ‘कॅट’ म्हणतात. मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. माझ्याकडची तांबूस-हिरवट जात त्रिनिदाद बेटावरच्या माशांवरून १८५८ साली शास्त्राच्या दप्तरात दाखल झाली. तिच्या एका ठिपकेदार बहिणीचे नमुने खुद्द चार्ल्स डार्विननं ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केले होते. २०२४ साली शास्त्रज्ञांनी या साऱ्या गोतावळ्याची फेरमांडणी केली आणि माझ्या माशांचं शास्त्रीय नाव बदलून टाकलं. कुर्ल्याच्या बाजारानं त्याची अजून दखल घेतलेली नाही, माशांनीही नाही.

लांबीला हे मासे माझ्या करंगळीएवढे. अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात, कौलं रचावीत तशा. मिशांनी वाळू चाचपत दिवसभर फिरतात. मधूनच एखादा सुर्रकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन येतो. ती हवा त्याच्या आतड्यात शोषली जाते. पाहुण्यांना वाटतं, मासा गुदमरतोय. आणि दुकानदार सांगतो की हे तळ साफ करतात, यांना वेगळं खायला लागत नाही. यावर विश्वास ठेवू नका. इतर माशांच्या उष्ट्यावर ठेवलेले कोरी हळूहळू उपाशी मरतात. त्यांना बुडणारं खाणं वेगळं द्यावं लागतं.

२००३ च्या जूनमधली गोष्ट. पहिला जोराचा पाऊस झाला आणि मी टाकीतलं थोडं पाणी काढून गार पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पुढच्या काचेवर बारीक साबुदाणा चिकटवावा तसे दाणे. पन्नास-साठ तरी असतील. त्यांच्या मुलखातही पाऊस पडला, पाणी गार झालं की विणीचा हंगाम येतो. माझी एक बादली त्यांना पाऊस वाटली होती. मी खुशीत ऑफिसला गेलो, चारचौघांत बढाई मारली, संध्याकाळी परत आलो तर काच स्वच्छ. एक दाणा नाही. मला वाटलं, टाकीतल्या दुसऱ्या माशांनी डल्ला मारला.

कल्याणला स्टेशनजवळ तेव्हा एक वयस्कर मासेवाले चाचा बसत. त्यांना गाऱ्हाणं सांगितलं. ते म्हणाले, “खाणारे आईबाप घरातच आहेत, चोर बाहेर कशाला शोधताय?”

तेच खरं होतं. पुढे मी ही वीण डोळ्यांनी पाहिली. मादी नराच्या कुशीला तोंड लावून क्षणभर थांबते, दोघांचा मिळून इंग्रजी ‘टी’ होतो. मग ती पोटाखालच्या दोन परांची ओंजळ करते. त्या ओंजळीत दोन-चार अंडी घेऊन ती काचेवर जागा शोधत हिंडते. जागा आधी तोंडानं घासून साफ करते आणि पोट टेकवून अंडी चिकटवते. हे तासन् तास चालतं. इतक्या निगुतीनं ठेवलेली ती अंडी, काम संपल्यावर भूक लागली की तीच मादी गट्ट करते. नरही करतो. यात दुष्टपणा काही नाही. नदीत ती अंडी घालून पुढे गेली असती. टाकीत पुढे जायला जागाच नाही, फिरून फिरून तीच काच.

म्हणून पहिला नियम असा, की अंडी आणि आईबाप यांची ताटातूट करायची. चाचांनी शिकवलेली रीत अजून मी तशीच पाळतो. अंडी घातल्यावर तास-दोन तास हात लावायचा नाही. तेवढ्यात कवच जरा टणक होतं. मग बोटाच्या टोकानं एकेक अंडं काचेवरून अलगद लोळवायचं, ते बोटाला चिकटून येतं. त्यांना ठेवायला मी श्रीखंडाचा डबा वापरतो. डब्यात त्याच टाकीतलं पाणी घ्यायचं, नळाचं नव्हे. डबा टाकीतच तरंगत ठेवायचा, म्हणजे पाण्याची ऊब सारखी राहते. एअर पंपाची नळी सोडायची, पण बुडबुडे इतके मंद हवेत की अंडी जागची हलतील, उडणार नाहीत. मेथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा, पाण्याला पुसट आकाशी रंग येईल इतकाच. ते नसेल तर देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन टाकायचं. आमच्याकडे सोसायट्यांच्या आवारात ही झाडं मुबलक आहेत. पानाचा चहासारखा अर्क पाण्यात उतरतो आणि बुरशीला आवर बसतो.

खरा वैरी बुरशीच. फळलेलं अंडं आधी पारदर्शक असतं, मग मधासारखं तपकिरी होत जातं. न फळलेलं पांढरं पडतं, त्यावर कापसासारखे तंतू फुटतात आणि ते तंतू शेजारच्या चांगल्या अंड्याला कवेत घेतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ पांढरी अंडी वेचून काढायची. बस. याहून जास्त काही करायचं नसतं, आणि तेच सर्वांत अवघड. मी दर तासाला झाकण उघडून बघायचो, नळी हलवायचो, पाणी बदलायचो. २००४ साली माझ्या हातून जी अंडी गेली ती याच अतिकाळजीनं गेली.

मग आला २००५ चा जुलै. सोमवारी, २५ तारखेला सकाळी मादीनं अंडी घातली. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं वहीत आकडा लिहिला, चौसष्ट. मंगळवारी मी रजेवर होतो. दुपारपासून पाऊस कोसळायला लागला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण उल्हास नदीनं बदलापूर, उल्हासनगर, कल्याणची काय दशा केली, ते आमच्याकडच्यांनाच ठाऊक. संध्याकाळी आमची वीज गेली. पाठोपाठ फोन गेला.

माझी आई कल्याणला जुन्या घरात एकटी राहायची, रेतीबंदराच्या बाजूला. खाडी तिथून हाकेच्या अंतरावर.

लोकल बंद, रस्त्यावर कमरेएवढं पाणी, फोन मुका. मी काय करणार? वीज गेल्यामुळे एअर पंपही बंद पडला होता. मेणबत्ती लावली आणि डब्याशी बसलो. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक कप पाणी उचलायचं आणि डब्याच्या कडेनं बारीक धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. रात्रभर तेच केलं. बायको एकदा उठून आली, बघितलं, काही बोलली नाही. तिला माझ्या माशांचं कौतुक नव्हतं. माझा हात कपापाशी होता आणि डोक्यात खाडीचं पाणी चढत होतं. आता विचार करतो तेव्हा वाटतं, दुसऱ्या कोणी मला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर म्हटलं असतं, आई पुरात आणि हा माशांची अंडी सांभाळतोय. म्हणायला जागा होती.

बुधवारी उजाडल्यावर कप मुलीच्या हातात दिला आणि रुळांवरून चालत निघालो. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. अंतर पाच-सहा किलोमीटरचं, पण रुळाखालची खडी वाहून गेलेली, जागोजाग माणसांचे तांडे उलट दिशेनं येणारे. घरी पोहोचलो तर दारात गुडघाभर चिखल, भिंतीवर माझ्या छातीपर्यंत ओलीची रेघ. आई सापडली शेजाऱ्यांच्या माडीवर. रात्रीच त्यांनी तिला वर नेलं होतं. तिनं सोबत दोनच गोष्टी नेल्या होत्या, कुराण शरीफ आणि सुक्या बोंबलांचा डबा. मला पाहून पहिलं वाक्य काय, तर “पोरीला कुणापाशी ठेवून आलास?”

गुरुवारी दुपारी तिला घेऊन डोंबिवलीला परतलो. वीज आलेली नव्हती. मधल्या वेळात बायको आणि मुलगी आळीपाळीनं धार सोडत होत्या, रात्रीसुद्धा. मुलगी दारातच ओरडली, “अब्बा, शेपट्या आल्या!” डब्याच्या तळाशी बारीक बारीक स्वल्पविराम वळवळत होते. सहसा तीन-चार दिवसांत पिल्लं फुटतात. ही गार पाण्यातही वेळेवर आली. पांढरी पडलेली तेवीस अंडी मुलीनं चमच्यानं वेचून वहीत एकेका रेघेनं मांडून ठेवली होती. उरली एक्केचाळीस.

इथून पुढचं काम अंड्यांपेक्षा नाजूक. पहिले दोन दिवस पिल्लाच्या पोटाशी बलकाची थैली असते, तेच त्याचं जेवण. या दिवसांत मायेनं काही खायला टाकलं की ते कुजतं, आणि कोरीची पिल्लं तळाशीच पडून राहत असल्यानं त्या कुजक्या थरातच मरतात. थैली संपली की मात्र उपाशी ठेवून चालत नाही. पूर्वी लोक उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यायचे. बलक स्वस्त, पण पाणी नासवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ओट्सच्या लापशीवर वाढवलेले मायक्रोवर्म उत्तम. हे केसाहून बारीक किडे तळाशी जातात आणि पाण्यात काही तास जिवंत राहतात. किंवा आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात घालायची, दीड दिवसात नारिंगी ठिपक्यांसारखी पिल्लं फुटतात. ती खाल्ली की आपल्या पिल्लांची पोटं नारिंगी दिसतात. जेवली का, हे विचारावं लागत नाही. लापशीच्या डब्याला आंबूस वास येतो. तो डबा आमच्या स्वयंपाकघरातून तीनदा हद्दपार झालाय, सध्या गॅलरीत चपलांच्या कपाटावर असतो.

साफसफाई रोजची. सलाईनची नळी यासाठी फार चांगली. तिच्या चक्रीनं धार कमी-जास्त करता येते. तळाची घाण ओढून घ्यायची, पण बादलीत नव्हे, पांढऱ्या टबात. कितीही जपलं तरी दोन-चार पिल्लं नळीतून येतातच, आणि पांढऱ्यावर ती दिसतात. नवं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं हवं. आमच्या नळाला काही दिवस क्लोरीनचा असा भपकारा येतो की माणसाचे डोळे चुरचुरतात, पिल्लांचं काय होत असेल? त्या एक्केचाळीसांतली एकोणीस जगली. महिन्यात ती सेंटिमीटरभर झाली, परांवर आईबापांपेक्षा वेगळीच ठिपक्यांची नक्षी. पुढे वाढता वाढता ती पुसली गेली.

त्या दिवसांत आई आमच्याकडेच होती. एकदा टाकीकडे बघत ती म्हणाली, “हे आपल्या शिंगाळ्याच्या जातीचे.” मिशा बघून म्हणाली, पण बरोबर म्हणाली. शिंगाळा म्हणजे आपल्या खाडीत, समुद्रात मिळणारा मिशीवाला, काटेरी मासा. आणि मला लहानपणचा एक दिवस आठवला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांनी बंदरावरून शिंगाळा आणला होता. आईनं विळीवर घेऊन त्याचं तोंड उघडलं तर आतून करवंदाएवढी पिवळसर अंडी घरंगळली. पंचवीस-तीस. आई म्हणाली, “मेला, स्वतःचीच पोरं खातोय बघ.” आम्ही भावंडं किती दिवस त्या माशाला राक्षस म्हणत होतो.

तो राक्षस नव्हता. शिंगाळ्याचा नर बायकोची अंडी तोंडात घेऊन फिरतो. पिल्लं फुटेपर्यंत, त्यानंतरही बलक संपेपर्यंत. कित्येक आठवडे. काही जातींत दोन महिन्यांच्या आसपास. तेवढे दिवस तो जवळपास काही खात नाही. मला हे कळलं ते पुस्तकातून, चाळिशीच्या उंबरठ्यावर. आमचा रोजा निदान सूर्यास्ताला सुटतो. आईला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. बराच वेळानं म्हणाली, “मग त्या दिवशी आपण काय केलं?” मी म्हटलं, कालवण. ती हसली, पण पुरतं हसली नाही.

ही केवळ आमच्या विळीवरची गोष्ट नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. हे जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून उचलतं. शिंगाळ्याचे अंडी धरलेले नर थव्यानंच राहतात. जाळं वर आलं की धडपडीत त्यांच्या तोंडांतली अंडी होडीच्या फळ्यांवर सांडायची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास हे लिहून ठेवलं, धोक्याची सूचना दिली. पुढे पश्चिम किनाऱ्यावर शिंगाळ्याचं प्रमाण घटत गेलं. साधं गणित आहे. हजारो अंडी घालणारा मासा एखादा हंगाम बुडाला तरी सावरतो. तीस-चाळीस अंडी घालून ती जिवापाड जपणारा सावरत नाही.

गोड्या पाण्यातही तेच. ठाणे, कल्याण, मुरबाड, कर्जत पट्ट्यातल्या श्रोत्यांना वलगण सांगायला नको. मृगाचा पहिला पाऊस पडून ओढे वाहायला लागले की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढतात, भातशेतात शिरतात. ते येतात अंडी घालायला. देशी मागूर बांधाच्या कडेला खळगा करतो, त्यात अंडी, आणि नर त्यावर पहारा देतो. त्याच रात्री आपण बॅटऱ्या, काठ्या, कोयते, पाग घेऊन तिथं हजर. मीही गेलोय. उल्हासच्या काठी मामांबरोबर, गुडघाभर पाण्यात, पोतं धरून. गाभोळी भरलेल्या त्या माशांची चव मी इथं नाकारणार नाही. पावसाळ्यात समुद्रातल्या यांत्रिक होड्यांना निदान काही आठवडे बंदी असते. शेताच्या बांधावर तेवढंही भान क्वचित दिसतं. त्यात आता शेतंच उरलेली नाहीत, त्यांच्या जागी आमच्या सोसायट्या आहेत. वालधुनीबद्दल तर न बोललेलं बरं, तिच्यात चढून येईल असा मासा कुठून आणायचा?

२००५ नंतर मी वलगणीची मासळी विकत घेणं सोडलं. समुद्राच्या मासळीची गाभोळी ताटात आली तर मात्र हात मागे घेत नाही. मुलगी याला ढोंग म्हणते. ती आता पुण्याला नोकरी करते, आणि वाद घालायला तिला फोन पुरतो.

या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मादीनं अंडी घातली. ही मादी त्या एकोणिसांच्या वंशातलीच. डोळ्यांना आता चष्म्यावर भिंग लागतं, बोटही पूर्वीसारखं स्थिर नाही. अंडी लोळवताना तीन फुटली. बाकीची डब्यात घेतली, बदामाचं पान टाकलं. वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा पंप आणून ठेवलाय, तरी कपही डब्याशेजारीच ठेवतो. रात्री मुलीचा फोन आला.

“किती?”

“बावन्न.”

“आणि पांढरी?”

“उद्या सकाळी सांगतो. आता झाकण उघडणार नाही.”